सोलापुरातून शॉर्टवेव्ह : सेट, तार आणि घरातली खरखर

मी तीन आठवडे नव्या रेडिओला शिव्या घातल्या आणि दोष निघाला शेजारच्या अक्कांच्या देवघरात. संध्याकाळी अक्का दिवाबत्ती करायच्या, नेमकी त्याच वेळी माझ्या सेटवर घर्रर्र सुरू व्हायची आणि रात्री दहाच्या सुमाराला आपोआप थांबायची. मी त्याचा संबंध आकाशाशी, ऋतूशी, सूर्याशी लावत बसलो होतो. शेवटी सेट हातात घेऊन गल्लीतून फिरलो, तर अक्कांच्या खिडकीखाली आवाज टिपेला. देव्हाऱ्याभोवती एलईडीची माळ आणि भिंतीवर तिचा बोटभर अडॅप्टर. "माळ बंद करायला सांगलालास काय रे? देवाची हाय ती," अक्का म्हणाल्या. माळ बंद केली नाही. मी दुसरा बरा अडॅप्टर आणून दिला आणि त्याच संध्याकाळी बँड मोकळा झाला.

शॉर्टवेव्हच्या, म्हणजे लघुलहरींवरची दूरदेशीची केंद्रं ऐकण्याच्या, छंदात नवखा माणूस सगळा जीव सेटवर टाकतो. पण काय ऐकू येणार हे आधी ठरतं ते घरातल्या आणि गल्लीतल्या विजेच्या गोंगाटावर, मग तुम्ही कोणत्या वेळी कोणता बँड लावता यावर, मग बाहेर किती तार सोडली आहे यावर. सेटचा नंबर चौथा. तरी तो हातात असल्याशिवाय बाकीचं काहीच करता येत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू आणि लवकर उरकू.

आता उरलंय काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने शॉर्टवेव्ह ऐकली ती गाण्यांसाठी. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच साली सुरू झाली. तिकडे गेलेला श्रोता परत आणायला आकाशवाणीला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. तो काळ गेला. नेदरलँड्सची शॉर्टवेव्ह २०१२ मध्ये थांबली, ऑस्ट्रेलियाची जानेवारी २०१७ च्या अखेरीस, बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला. आकाशवाणीनेही आपली बरीच लघुलहरी प्रक्षेपणं गुंडाळली.

तरी संध्याकाळी सातनंतर ३१ मीटरचा बँड, म्हणजे लहरींचा एक ठरावीक पट्टा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, तर वही लागेल इतकं सापडतं. चीन जवळजवळ प्रत्येक बँडवर बसलेला आहे, हिंदीतसुद्धा. बीबीसीची इंग्रजी सेवा आहे. तुर्कस्तान, रुमानिया, व्हिएतनाम, उत्तर आणि दक्षिण कोरिया, आखातातली अरबी केंद्रं, मध्य आशियातली आपल्याला नावही न कळणारी स्टेशनं आहेत. बातम्या ऐकायच्या असतील तर मोबाइल आहे. इथे गंमत आहे ती पाच हजार किलोमीटरवरून कोणतीही केबल, कोणताही रिचार्ज मध्ये न येता आलेला आवाज स्वतः पकडण्याची. ज्याला मासे बाजारात मिळत असूनही हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकून बसावंसं वाटतं, त्याला हे पटकन कळेल.

आणि हो, लायसन्स लागत नाही. पूर्वी रेडिओ घरात ठेवायचा म्हणून पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरावे लागत, त्याचं छोटं पुस्तक असे, त्यावर तिकिटं डकवली जात. ते सगळं १९८० च्या दशकात संपलं. प्रक्षेपण करायचं असेल तर मात्र हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची सरकारी परीक्षा आणि परवाना लागतो.

सेट

घरात जुना सेट असेल तर आधी तोच बाहेर काढा. माळ्यावरचा जुना फिलिप्स किंवा मर्फी दुरुस्त करून घेण्यात वेगळंच सुख आहे, पण एक सांगतो, शिकण्यासाठी तो त्रासदायक आहे. काट्याखालचा एक मिलिमीटर म्हणजे कितीतरी किलोहर्ट्‌झ, त्यामुळे आपण ९६०० वर आहोत की ९६५० वर हे कळत नाही. शिवाय व्हॉल्व्हचा सेट असेल तर आतला विजेचा दाब जिवावर बेतू शकतो. मागचं झाकण स्वतः उघडू नका.

नवा घ्यायचा असेल तर चार गोष्टी पाहा. आकड्यात फ्रिक्वेन्सी दाखवणारा डिस्प्ले हवा आणि हवा तो आकडा थेट दाबता आला तर उत्तम. बाहेरची अँटेना जोडायला खाच हवी. एसएसबी, म्हणजे हॅम मंडळी आणि विमानसेवा बोलणं पाठवायला वापरतात ती खास पद्धत, ऐकायची सोय हवी, तिचा उपयोग पुढे सांगतो. आणि सेलवर चालणारा हवा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. टेकसनचे पीएल-३३० किंवा पीएल-६८०, एक्सएचडेटाचा डी-८०८ ही नावं या छंदातल्या लोकांच्या तोंडी असतात. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू ७६००जीआर आता बनत नाही, पण कोणाकडे चांगल्या अवस्थेतला जुना मिळाला तर सोडू नका.

"नऊ बँड", "बारा बँड" असं मोठ्या अक्षरात लिहिलेले स्वस्त काट्याचे सेट बाजारात खूप दिसतात. मी पहिला तोच घेतला होता. त्यांची एक खोड आधीच माहीत असावी. एकच स्टेशन दोन जागी वाजतं. आतल्या ४५५ किलोहर्ट्‌झच्या टप्प्यामुळे ९७०० वरचं जोरदार केंद्र त्याच्या दुपटीने, म्हणजे ९१० ने खाली, ८७९० वरही ऐकू येतं. नवख्याला वाटतं, आपण यादीत नसलेलं गुप्त केंद्र शोधलं. मी तर तारीखवार नोंद ठेवली होती.

कॉम्प्युटरला लावायचे एसडीआर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारे छोटे रेडिओही आहेत. आख्खा बँड पडद्यावर पसरलेला दिसतो आणि ते पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. पण ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर हाच गोंगाटाचा कारखाना असतो, आणि गोंगाट म्हणजे काय हे कान शिकण्याआधी त्यात पडलं तर दोष कुठला ते उमगत नाही.

गोंगाट शोधणं

यावर एक आख्खा रविवार द्या. सेट सेलवर चालवा, दांडी पूर्ण बाहेर काढा आणि ज्या जागी काहीच वाजत नाही असा एखादा आकडा लावा. जी खरखर ऐकू येते ती लक्षात ठेवा. आता घरातला मेन स्विच पाडा. घरच्यांना आधी सांगून, टीव्हीवर सामना नसताना. खरखर एकदम बसली तर चोर घरात आहे. तशीच राहिली तर बाहेर.

चोर घरातला असेल तर सगळं बंद करून मेन चालू करा आणि एकेक वस्तू सुरू करत जा. बहुतेक वेळा सापडतात ते एलईडी बल्ब, मोबाइलचे हलके चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, वायफाय राउटर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि स्वस्त मालात तो कचरा अडवणारे दोन-चार रुपयांचे भाग गाळलेले असतात. तो कचरा घरातल्या वायरिंगमध्ये पसरतो आणि आख्खं घर छोटं प्रक्षेपण केंद्र बनतं. प्रत्येकाचा सूर वेगळा असतो. अडॅप्टर घर्रर्र करतो, राउटर टिकटिक करतो, रेग्युलेटर पन्नास-शंभरच्या पटीत गुणगुणतो. महिनाभरात तुम्हाला न बघता ओळखता येईल.

उपाय साधे आहेत. वस्तू बदला, किंवा ऐकायच्या वेळी बंद ठेवा, किंवा तिच्या वायरवर फेराइटची गुंडाळी बसवा. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरच्या केबलला जी काळी गाठ असते ना, तेच फेराइट. भंगारवाल्याकडे अशा केबल ढिगाने असतात. वायरचे चार-पाच वेढे त्यातून काढले तर फरक पडतो.

बाहेरचा गोंगाट ही खास आपल्या गावाची कथा. पूर्व भागात राहत असाल तर मागाचा खडखडाट कानाला सवयीचा असतो, पण रेडिओला तो वेगळ्या वाटेने ऐकू येतो. माग फिरवणारी मोटर त्यामानाने गरीब असते. आवाज करतात ते तिचे झिजलेले स्विच, सैल जोडण्या, ठिणगी मारणारे संपर्क. गल्लीत टावेलांचे माग असतील तर प्रत्येक चालू-बंदला सेटवर कट्‌ असा फटका बसतो. त्याला औषध म्हणजे वेळ. माग थांबलेले असतात त्या वेळा शोधून ठेवा. माझी सगळ्यात चांगली नोंद वीज गेलेल्या एका रात्रीची आहे. आख्खी पेठ अंधारात, लोक बाहेर कट्ट्यावर येऊन महावितरणच्या नावाने बोटं मोडतायत आणि माझ्या सेलच्या सेटवर बँड इतका स्वच्छ की दोन केंद्रांमधली शांतता ऐकू येत होती. तेव्हापासून लाईट गेली की आमच्या घरात मी एकटाच खूश असतो. म्हणून म्हटलं, सेलवर चालणारा सेट घ्या.

तार

सेटची दांडी संध्याकाळी पुरते. सिमेंट-सळईच्या घरात मात्र ती निम्मी आंधळी होते, कारण स्लॅबमधलं लोखंड लहरी अडवतं. खिडकीजवळ बसलात तरी फरक जाणवतो. गच्चीवर गेलात तर आणखी.

पहिली तार अशी करा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक चौरस मिलिमीटरची, वरून प्लास्टिक असलेली दहा मीटर वायर घ्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा स्टँड असतो, त्याला एक टोक नायलॉनच्या दोरीने बांधा. वायर थेट लोखंडाला टेकू देऊ नका, मध्ये हातभर दोरी असू द्या. दुसरं टोक कठड्याला लावलेल्या बांबूला, तेही दोरीनेच. तिथून वायर खाली खिडकीपर्यंत आणा आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावून सेटच्या दांडीला चिमटा. झालं. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं दिसतं आणि आई त्यावर टॉवेल टाकते, त्याने काही बिघडत नाही.

लांब तार म्हणजे जास्त चांगलं, असं लगेच समजू नका. हातातल्या छोट्या सेटला पंधरा-वीस मीटरची तार जोडली की तो भांबावतो. जोरदार केंद्रं एकमेकांत मिसळतात आणि बँडभर लापशी होते. तसं झालं तर सेटवरचा लोकल-डीएक्सचा (जवळचं-लांबचं) खटका लोकलवर टाका किंवा तार आखूड करा. जमिनीचीही तार दिली तर बरं, पण भिंतीतल्या थ्री-पिनच्या अर्थिंगला जोडू नका, घरातला सगळा कचरा तिथूनच आत येतो. तेवढ्याच लांबीची दुसरी वायर गच्चीच्या फरशीवर नुसती पसरून सेटच्या अँटेना-खाचेच्या बाहेरच्या कड्याला जोडली तरी पुष्कळ काम होतं. घर फारच गोंगाटी असेल तर तार घरापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या आणि तिथून ९ : १ चा छोटा ट्रान्सफॉर्मर लावून टीव्हीच्या केबलसारख्या कोॲक्सियल केबलने आत आणा. हे काम पहिल्या सहा महिन्यांत करायची गरज नाही.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. विजेच्या उघड्या तारांच्या वरून, खालून किंवा इतक्या जवळून वायर नेऊ नका की तुटली तर त्यांच्यावर पडेल. बांबू उभा करतानासुद्धा वर पाहा. आणि वळवाचे दिवस. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन मी म्हणत असतं आणि चारनंतर दक्षिणेकडून काळं येतं, अर्ध्या तासात वारा, धूळ, कडकडाट. आभाळ भरलेलं दिसलं की लगेच क्लिप काढायची आणि तारेचं टोक खिडकीच्या बाहेर टाकायचं. वीज थेट पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी तारेत येणारा झटका सेट मारतो. परतीच्या पावसातही हेच. मी रोज ऐकून झालं की क्लिप काढूनच झोपतो.

उन्हाळ्याचं आणखी एक. पारा ४३-४४ ला गेला की गच्चीवर उन्हात ठेवलेल्या सेटचा डिस्प्ले काळा पडतो. सावलीत ठेवा, थोड्या वेळाने पूर्ववत होतो, पण सारखं सारखं करू नका.

वेळ

शॉर्टवेव्हच्या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईवरून वळत नाहीत. त्या वर जातात आणि शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरांवरून, म्हणजे आयनोस्फिअरवरून, परत खाली वळतात. खालचा डी थर फक्त उजेडात असतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो. वरचा एफ थर रात्रीही टिकतो, पण पातळ होतो आणि जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींना परत वळवू शकत नाही, त्या निघून जातात अवकाशात. एवढ्यावरून सगळं वेळापत्रक बनतं. दिवस चढला की आकडा चढवायचा, दिवस उतरला की आकडा उतरवायचा.

सोलापुरातल्या घड्याळाने सांगायचं तर दुपारी अकरा ते चार १९, १६ आणि १३ मीटर, म्हणजे १५, १७ आणि २१ मेगाहर्ट्‌झच्या आसपास फिरा. आखातातून येणारं कुराणपठण बहुधा इथेच भेटतं. संध्याकाळी सहा ते अकरा हा खरा बाजार, २५, ३१, ४१ आणि ४९ मीटर सगळे एकदम भरलेले. दक्षिण आशियासाठीची प्रक्षेपणं नेमकी आपल्या जेवणाच्या वेळी असतात. मध्यरात्रीनंतर ४९ आणि ६० मीटर. आणि पहाटे उजाडताना अर्धा-पाऊण तास काहीही घडू शकतं, कारण उजेड-अंधाराच्या सीमारेषेवरून लहरी फार कमी नुकसानीत लांब जातात. हिवाळ्यात साडेसहाला उठायची तयारी असेल तर हा तास चुकवू नका.

मीटर आणि मेगाहर्ट्‌झ यांचा हिशोब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागा, मीटर मिळतात. ९.६ ने भागलं तर ३१ आणि थोडं. आकड्यात पाहिजे असेल तर ४९ मीटर म्हणजे ५९०० ते ६२०० किलोहर्ट्‌झ, ४१ मीटर ७२०० ते ७४५०, ३१ मीटर ९४०० ते ९९००, २५ मीटर ११६०० ते १२१००, १९ मीटर १५१०० ते १५८००. एवढं पाठ झालं की बस.

जवळचं केंद्र ऐकू येत नाही आणि लांबचं खणखणीत येतं, याने पहिल्यांदा सगळेच चक्रावतात. लहर वर जाऊन जिथे उतरते त्याच्या अलीकडचा पट्टा ती ओलांडून गेलेली असते. आपण त्या पट्ट्यात असलो तर तिथलं केंद्र आपल्यासाठी मुकं. आणि केंद्र म्हणजे स्टुडिओ नव्हे. बीबीसी लावलीत म्हणून आवाज लंडनहून येतोय असं नाही, तो ओमान किंवा सिंगापूरच्या मनोऱ्यावरून आलेला असतो. वहीत प्रक्षेपणाचं ठिकाण लिहायची सवय लागली की कोण कधी आणि का ऐकू येतं याचा उलगडा होऊ लागतो.

पहिली संध्याकाळ

सातच्या आधी थोडं मध्यम लहरींवर फिरा, हात बसतो. दिवसभर सुन्न असणारा मीडियमवेव्ह अंधार पडला की जागा होतो. आकाशवाणी पुणे ७९२, मुंबई १०४४ आणि ५५८, धारवाड ७६५, हैदराबाद ७३८ ही वर्षानुवर्षांची ठिकाणं. सगळे आकडे ९ च्या पटीत आहेत, कारण आपल्याकडे केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचं अंतर ठेवतात. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा ओळखीच्या असणं हा सोलापूरकराचा फायदा, कारण आवाज फिकट असला तरी कुठलं केंद्र ते भाषेवरून कळतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला इथे अंदाज करावा लागतो.

साडेसातला १०००० किलोहर्ट्‌झ लावा. चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र इथे दर सेकंदाला टिक्‌ वाजवतं. ते ऐकू आलं म्हणजे सेट, तार आणि आकाश तिन्ही ठीक. मी रोज सुरुवात इथूनच करतो, दुकान उघडताना तराजू तपासावा तशी.

मग ९४०० वर या आणि पाच-पाच किलोहर्ट्‌झच्या पायरीने वर चढा. प्रसारण केंद्रं बहुतेक ५ च्या पटीत असतात. प्रत्येक पायरीवर निदान दहा सेकंद थांबा. घाईने फिरवणाऱ्याला फक्त चीन सापडतो. आवाज खालीवर होत असेल, लाटेसारखा येत-जात असेल, तर ती शॉर्टवेव्हची खूण आहे, सेट बिघडलेला नाही. एखाद्या केंद्रावर दोन आवाज एकमेकांवर चढलेले असतील किंवा नुसताच गोंगाट ओतल्यासारखा वाटला, तर तो मुद्दाम केलेला अडथळाही असू शकतो. काही सरकारं नको त्या केंद्रावर दुसरं प्रक्षेपण चढवतात.

ओळख पटवायची जागा म्हणजे तासाचा ठोका. तास किंवा अर्धा तास भरायच्या दोन मिनिटं आधी केंद्रं आपली खुणेची धून वाजवतात आणि नाव सांगतात. भाषा न कळली तरी नाव कळतं. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मात्र आत्मसात करावी लागेल, कारण सगळ्या जगाची वेळापत्रकं त्यातच असतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. संध्याकाळचे साडेसात म्हणजे १४००. सकाळचे सव्वासहा म्हणजे ००४५. पहाटे साडेपाचच्या आधी ऐकत असाल तर तारीखही एक दिवस मागे जाते, १० तारखेचे पहाटे साडेचार म्हणजे ९ तारखेचे २३००. इथे प्रत्येक जण एकदा तरी चुकतो. मी भिंतीवर दुसरं स्वस्त घड्याळ यूटीसीला लावून ठेवलंय. पाहुणे सांगतात, तुमचं घड्याळ बंद पडलंय.

काय ऐकलं ते कोणतं केंद्र, हे पडताळायला ईबी (EiBi) नावाची केंद्रांची मोफत यादी इंटरनेटवर असते. त्यात आकडा, वेळ, भाषा, प्रक्षेपणाचं ठिकाण सगळं मिळतं. पण आधी ऐका, मग यादी पाहा. उलट केलंत तर कान यादीत लिहिलेलंच ऐकतो.

वही आणि कार्ड

शंभर पानी वही पुरे. तारीख, यूटीसी, आकडा, भाषा, काय ऐकलं, कसं ऐकलं. "कसं" साठी सिन्पो नावाची पाच अंकी पद्धत आहे. पहिला अंक आवाजाच्या ताकदीचा, दुसरा दुसऱ्या केंद्राच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढ-उताराचा, पाचवा एकूण. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे काही अर्थ नाही. ३५४३३ लिहिलं तर आवाज मध्यम, अडथळा अजिबात नाही, खरखर थोडी, चढ-उतार बऱ्यापैकी, एकूण मध्यम. सगळ्यांना ५५५५५ वाटायची दानत नको, तसला अहवाल वाचणाऱ्या इंजिनिअरला काहीच सांगत नाही.

असा अहवाल केंद्राला पाठवला की बरीच केंद्रं अजूनही क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची पोचपावती, पाठवतात, कोणी पोस्टाने, कोणी ईमेलने. निदान पंधरा-वीस मिनिटं ऐका आणि त्यात काय होतं ते मिनिटावार लिहा. "कार्यक्रम आवडला" याने काही सिद्ध होत नाही. "१४०७ ला स्त्री निवेदक, त्यानंतर तारवाद्याचं संगीत, १४१२ ला शहराचं नाव दोनदा" याने होतं. सेट कोणता, तार किती, आणि गाव सोलापूर हे लिहायला विसरू नका. पुण्या-मुंबईहून अहवाल त्यांना मिळत असतात, आपल्या भागातून क्वचित. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसह, सुवाच्य. माझं एक पाकीट आमच्या घराऐवजी त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी गेलं होतं आणि दोन महिन्यांनी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं.

एसएसबीचं बटण

बँड फिरवताना बदक बोलल्यासारखा आवाज आला तर हे बटण दाबा. ७००० ते ७२०० वर सकाळी देशभरातले हॅम मंडळी गप्पा मारत असतात, व्हीयू टू, व्हीयू थ्री अशी त्यांची हाक सुरू होते. तिथे एलएसबी, म्हणजे एसएसबीची खालची बाजू, लावायची, वरची ती यूएसबी, १४ मेगाहर्ट्‌झवर यूएसबी. बारीक चाक हळूहळू फिरवत आवाज माणसाचा होईपर्यंत जुळवायचा. ६६७६ आणि ११३८७ वर यूएसबीत विमानांसाठी विमानतळांचं हवामान सांगतात. मुंबई, कोलकाता, बँकॉक, सिंगापूर आपापल्या ठरलेल्या मिनिटांना येतात. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ९९९६ वर ठिपके वाजवतं, तेही या बटणाशिवाय ऐकू येत नाही. प्रसारण आणि हॅम सोडून कोणाचं खाजगी किंवा सरकारी बोलणं कानावर पडलं तर ते कानापुरतंच ठेवा, कुठे लिहू नका.

काहीच वाजत नाही तेव्हा

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी १०००० तपासा. तिथेही शांतता असेल आणि भर दुपार असेल, तर सूर्यावर ज्वाला उसळलेली असू शकते. तिच्या क्ष-किरणांनी डी थर इतका दाट होतो की उजेडाच्या बाजूची शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तास-दीड तास गप्प होते आणि मग आपली आपण परतते. चुंबकीय वादळ आलं तर बँड दिवस-दोन दिवस आजारी राहतात. १० मे २०२४ च्या रात्री असंच मोठं वादळ आलं होतं, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. सूर्याचं हे चढ-उताराचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये माथ्यावर पोचलं. उतार लागला की १३ आणि १६ मीटर हळूहळू ओस पडतील आणि रात्रीचे खालचे बँड सुधारतील. म्हणजे आज सुरू करणाऱ्याने वरचे बँड आधी पोटभर ऐकून घ्यावेत.

मे महिन्यात संध्याकाळी सतत कडाडकट्‌ येत असेल तर तो लांबच्या विजांचा आवाज, त्याला इलाज नाही. डिसेंबर-जानेवारी मात्र सोन्याचे दिवस. हवा कोरडी, विजा नाहीत, रात्र मोठी. याच दिवसांत हुरड्याला शेतावर जाणं होतं. सेट, पंधरा मीटर वायर आणि जादा सेल बरोबर घ्या. आम्ही एकदा नान्नजच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. वायरचं एक टोक बोरीला बांधलं, दुसरं सेटला. बाकीचे आगटीभोवती शेंगाचटणीवर तुटून पडलेले आणि मी ४९ मीटरवर. घरी जी केंद्रं खरखरीच्या तळाशी बुडालेली असायची, ती तिथे शेजारी बसून बोलल्यासारखी येत होती. सेट तोच होता. मित्राच्या वडिलांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हे कुठलं बे?" यादी पाहून मादागास्कर म्हणालो. "मग आपल्या विहिरीवरची मोटर चालू करू नको का?" नको म्हणालो. त्यांनी अकरापर्यंत थांबवली.

प्रसारण केंद्रांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी जुने आकडे खोटे ठरतात आणि सगळ्यांची पाटी कोरी होते, नवख्याची आणि जुन्याचीही. जवळचा जो रविवार येत असेल त्याच्या आदल्या दिवशी सेल आणून ठेवा, वहीचं नवं पान काढा आणि यूटीसी १३०० ला, म्हणजे आपल्या साडेसहाला, ९४०० पासून सुरू करा.